सासा शिमोनीच्या मागावर: बोलोन्यात एका जुन्या विनोदी चित्रपटावर प्रबंध लिहिताना

जुलै २०२५ मध्ये बोलोन्या विद्यापीठात माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली आणि सिनेमाच्या दोन वर्षांच्या मास्टर्सचा शेवट झाला. प्रबंधाचा विषय एकच चित्रपट होता: लुईजी झाम्पा यांचा १९५४ चा ‘लार्ते दि आर्रांजार्सी’, मराठीत साधारण ‘जमवून घेण्याची कला’. इकडे येण्याआधी मी खूप शोधलं होतं, पण हा सगळा प्रवास मराठीत कुणी लिहिलेला सापडला नव्हता. म्हणून जे जसं घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. फीचे आकडे माझ्या वेळचे आहेत. अर्ज करताना अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

आधी चित्रपटाबद्दल थोडं. कातानिया हे सिसिलीतलं शहर, साल १९१२. सासा शिमोनी हा तरुण आपल्या काकांचा सचिव आहे आणि काका शहराचे महापौर. सासाला कशावरच विश्वास नाही, त्यामुळे कशावरही विश्वास ठेवल्याचं सोंग त्याला सहज जमतं. एका बाईवर मन जडलं म्हणून तो समाजवादी होतो. गिरणीमालकाच्या मुलीशी लग्न केल्याने पैसा मिळणार असतो, म्हणून तिच्याशी लग्न करतो. मुसोलिनी आला की फॅसिस्ट, युद्ध संपलं की कम्युनिस्ट, आणि वारा फिरला की ख्रिश्चन डेमोक्रॅट. मध्ये तुरुंगवारी. शेवटी महाशय रस्त्यावर दाढीची पाती विकताना दिसतात. सासाच्या भूमिकेत आल्बेर्तो सोर्दी आहे आणि पटकथा वितालियानो ब्रांकाती या सिसिलियन लेखकाची. चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, २५ सप्टेंबर १९५४ रोजी, ब्रांकाती वारले.

हाच का निवडला? पुण्यात फिल्म अॅप्रिसिएशनच्या कोर्सला बसल्यापासून इटालियन सिनेमा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर चोरलेली सायकल आणि रडणारा मुलगा यायचा. आपल्याकडे ते साहजिक आहे. ‘बायसिकल थीव्हज’ १९५२ च्या मुंबईतल्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्या कितीतरी दिग्दर्शकांना त्याने हलवून सोडलं. पण त्याच दशकात खुद्द इटलीतली माणसं तिकीट काढून जे बघत होती, ज्याला हसत होती, ते विनोदी चित्रपट आपल्या फिल्म सोसायट्यांपर्यंत फारसे आलेच नाहीत. अश्रू समुद्र ओलांडून आले, हसू तिकडेच राहिलं. त्याचं कारण मला दुसऱ्या वर्षात, एका ऐंशी पार केलेल्या बाईंच्या स्वयंपाकघरात कळलं. ते पुढे येईलच.

हा अभ्यासक्रम इटालियनमध्ये आहे, त्यामुळे आधी भाषा. मी नोकरी सांभाळून मुंबईत शिकले आणि डिसेंबर २०२२ मध्ये चिल्स परीक्षेची बी-२ पातळी दिली. ही परीक्षा सिएनाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ घेतं. पाच भाग, प्रत्येकाला २० गुण, आणि प्रत्येक भागात किमान ११ हवेत. एका भागात कमी पडलात तर दुसऱ्या भागातले जादा गुण तुम्हाला तारत नाहीत. ऐकण्याच्या भागाची भीती वाटते, पण माझ्या ओळखीतले बहुतेक जण लेखनात अडकले. तेव्हा पत्रलेखनाचा सराव आधीपासून करा. निकालाला तीन महिने लागतात, हे धरूनच बाकीच्या तारखा आखा.

२०२३ ची पहिली सहामाही कागदांत गेली. ‘युनिव्हर्सइटली’ या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी करावी लागते, तिच्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. पदवीची आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अॅपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, मग इटालियन भाषांतर. शिवाय आपली पदवी त्यांच्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, हे सांगणारं चिमेआ या संस्थेचं प्रमाणपत्र, ते ऑनलाइन मिळतं. व्हिसाची फी ५० युरो, अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. कागदांपेक्षा त्रासदायक असतं ते गप्प बसून वाट पाहणं. रोज सकाळी अर्जाची स्थिती बघून काही होत नाही, तरी बघितली जाते. आई शेवटी म्हणाली, “अगं, ते लोक तुझ्या बोटाला घाबरून शिक्का मारणार आहेत का?”

सप्टेंबर २०२३ मध्ये बोलोन्याला पोहोचले. इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे ‘पेर्मेस्सो’चा, अर्ज करावा लागतो आणि तो पोस्टात! ज्या पोस्टात ‘स्पोर्तेल्लो आमिको’ नावाची खिडकी असते, तिथे अर्जाचा जाडजूड लिफाफा फुकट मिळतो. तो घरी नेऊन भरायचा आणि न चिकटवता परत आणायचा, कारण कर्मचारी आत काय आहे ते तपासतात. पैसे असे लागले: वर्षभराच्या परवान्यासाठी ४०, इलेक्ट्रॉनिक कार्डाचे ३०.४६, पोस्टाचे ३० आणि १६ चं महसुली तिकीट. बेरीज ११६.४६ युरो, तेव्हाच्या दराने दहा हजार रुपयांच्या वर.

हे महसुली तिकीट, ‘मार्का दा बोल्लो’, पोस्टात नाही, तंबाखूच्या दुकानात मिळतं. इटलीत तंबाखूचं दुकान म्हणजे अर्धं सरकारी कार्यालय आहे. बसचं तिकीट, मोबाइलचं रिचार्ज, लॉटरी आणि राज्यसत्तेची मोहोर, सगळं एका गल्ल्यावर. सोळा युरोंचं एक तिकीट कायम घरात ठेवा. ते कधी लागेल याचा नेम नसतो.

पोस्टातून मिळालेली पावती जपून ठेवायची. कार्ड हातात येईपर्यंत तीच तुमची ओळख. तिच्यावरच बोटांचे ठसे द्यायची तारीख असते, आणि ठसे दिल्यावरही कार्डाला काही महिने लागतात. वर्षाचा परवाना हातात येईपर्यंत त्यातलं बरंचसं वर्ष उलटलेलं असतं. इथे हे सगळ्यांचंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आरोग्यसेवेबद्दल मात्र सांगायलाच हवं. सरकारी सेवेत विद्यार्थ्याने स्वेच्छेने नाव नोंदवायची वार्षिक फी १४९.७७ युरो होती, ती जानेवारी २०२४ पासून ७०० झाली. शिवाय ती कॅलेंडर वर्षाची असते; ऑक्टोबरात भरली तरी ३१ डिसेंबरला संपते. मी आधी खाजगी विमा घेतला आणि पुढेही तोच चालू ठेवला.

आता घर. बोलोन्यात खोली मिळणं हे प्रवेश मिळण्यापेक्षा अवघड आहे, यात अतिशयोक्ती नाही. एका दलालाने खोली न दाखवताच दोन महिन्यांचं भाडं मागितलं. मी नमस्कार केला. पहिले काही आठवडे एका वसतिगृहात काढले आणि मग एका एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईंकडे खोली मिळाली, महिना ४८० युरो. परदेशी भाडेकरू आला की घरमालकाला ४८ तासांत पोलिसांना कळवावं लागतं. त्या कागदाची प्रत मागून घ्या, पेर्मेस्सोच्या वेळी लागते. मी बाईंना ‘सिन्योरा’ म्हणायचे आणि आपण ‘तुम्ही’ म्हणतो तसं आदरार्थीच बोलायचे. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत. त्यांचा जन्म १९४० चा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पियात्सा मज्जोरे या शहराच्या मुख्य चौकाखाली, जमिनीच्या पोटात, ‘मोदेर्निस्सिमो’ हे जुनं चित्रपटगृह नव्याने सुरू झालं. मी तिथे किती संध्याकाळी घालवल्या ते विचारू नका. त्या वर्षी कळलं की भरल्या थिएटरमध्ये इटालियन विनोद बघणं हा वेगळाच अभ्यास आहे. लोक वाक्य संपायच्या आधी हसतात. मी उपशीर्षक वाचून संपवेपर्यंत हशा ओसरलेला असायचा.

प्रबंधासाठी मार्गदर्शक शोधायचे म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला जाऊन दाराबाहेर बसायचं. ईमेल पाठवताना ‘जेन्तीले प्रोफेस्सोरेस्सा’ अशी रीतसर सुरुवात, आपण कोण, कुठल्या वर्षात, एक परिच्छेदात कल्पना, आणि पाल्हाळ नाही. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी नम्र आठवण करायला कुणाची हरकत नसते. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सोर्दी आणि संधिसाधू तरुण’ असा ऐसपैस विषय घेऊन गेले. प्राध्यापकबाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, “किती वर्षं आहेत तुमच्याकडे?” नुसत्या १९५४ सालात सोर्दीचे इतके चित्रपट आले की एका प्रबंधात त्यांची यादीच मावेल. ‘एक चित्रपट घ्या आणि तो त्या काळच्या माणसाला कसा दिसला ते शोधा,’ असं त्यांनी सांगितलं. ब्रांकाती आणि झाम्पा या जोडीची तीन चित्रपटांची एक मालिका मानली जाते: १९४८ चा ‘आन्नी दिफ्फीचिली’, १९५३ चा ‘आन्नी फाचिली’ आणि हा तिसरा. पहिल्यावर संसदेपर्यंत वाद गेला, दुसऱ्याला सेन्सॉरने छळलं. तिसरा म्हणजे सासा.

मी चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो लॅपटॉपवर, रात्री, एकटीने. सोर्दीचा चेहरा, त्याची चाल, बोलता बोलता पाठीला येणारा लोचटपणा, हे सगळं कळलं. गोष्टही कळली. हसू मात्र मोजक्याच ठिकाणी आलं. मग एका रविवारी मी तो सिन्योरांबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात, तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, वळता वळता पाहिला. म्हणजे त्या वळत होत्या, मी पीठ सांडत होते. त्या अशा ठिकाणी खुदकन हसायच्या जिथे मला काहीच दिसत नव्हतं. मी चित्रपट थांबवून विचारायचे, “इथे काय झालं?” आणि दर वेळी उत्तरात एखादं साल निघायचं. फॅसिस्ट पक्षाच्या कोटावर लावायच्या बिल्ल्याला लोक ‘ढेकूण’ म्हणायचे. पक्षाच्या कार्डाला ‘भाकरीचं कार्ड’, कारण त्याशिवाय सरकारी नोकरी नाही. त्यांच्या वडिलांकडेही होतं. “आणि युद्धानंतर?” मी विचारलं. “युद्धानंतर ते कुणाकडेच कधी नव्हतं,” असं म्हणून त्या पुन्हा हसल्या.

माझ्या प्रबंधाचा गाभा त्या दुपारी ठरला. दुःख समजायला तारीख लागत नाही, या जातीच्या विनोदाला लागते. ‘बायसिकल थीव्हज’ मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. सासा मात्र १९१२ चा पुरुषांना व्यापक मताधिकार देणारा कायदा, मे १९१५ मधला इटलीचा पहिल्या महायुद्धातला प्रवेश, ऑक्टोबर १९२२ ची फॅसिस्टांची रोमवरची चाल आणि १८ एप्रिल १९४८ ची निवडणूक यांच्यामध्ये उभा आहे. त्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅटांना ४८.५ टक्के मतं मिळाली आणि डाव्यांच्या आघाडीला ३१. थिएटरातल्या माणसाने हे सगळं स्वतः भोगलेलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपलं मतही त्याच क्रमाने हलवलं होतं. ते सासाला हसत होते, आणि शेजारी बसलेल्याकडे बघायचं टाळतही असतील.

मग वाचन सुरू झालं. बोलोन्यात सिनेमावर काम करणाऱ्याची खरी जागा म्हणजे चिनेतेका या शहरातल्या फिल्मसंग्रहाचं रेन्झो रेन्झी ग्रंथालय. पन्नासच्या दशकातली सिनेमाची नियतकालिकं तिथे बसून वाचता येतात. ज्यांच्या नावाचं ते ग्रंथालय आहे त्या रेन्झींची गोष्ट माझ्या विषयाला येऊन भिडली. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांनी ‘चिनेमा नुओवो’ पाक्षिकात एका चित्रपटाची कल्पना छापली, ग्रीसवर कब्जा केलेल्या इटालियन सैन्याबद्दल. चित्रपट काढला नाही, नुसती कल्पना. सप्टेंबरात ते आणि संपादक ग्विदो आरिस्तार्को यांना अटक झाली, लष्करी न्यायालयात खटला चालला आणि दोघे दोषी ठरले. सासा याच्या पुढच्याच वर्षीचा. ‘विनोदी चित्रपटात हे सगळं बोलायला झाम्पा आणि ब्रांकातींना परवानगी कशी मिळाली?’ हा प्रश्न मी तोवर विचारलाच नव्हता.

घरबसल्या करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. तुरीनच्या ‘ला स्ताम्पा’ दैनिकाचा जुना संग्रह नेटवर फुकट वाचता येतो. इस्तितुतो लूचे या वार्तापट बनवणाऱ्या जुन्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या काळच्या वार्तापटांच्या फिती पाहता येतात. एखाद्या वर्षीच्या बातम्यांच्या फिती सलग पाहिल्या की त्या वर्षीच्या विनोदातले निम्मे टोमणे आपोआप उलगडतात. हे काम भारतात बसूनही होतं. प्रवेश घेण्याआधी विषयाची चाचपणी करायची असेल तर इथूनच सुरुवात करा. ब्रांकातींची पुस्तकं साला बोर्सा या सार्वजनिक वाचनालयातून घरी आणली. काचेच्या जमिनीखाली रोमन अवशेष दिसणारं ते वाचनालय नुसतं बघायलाही जा.

ब्रांकाती या माणसाने मला सर्वात जास्त वेळ धरून ठेवलं. हे गृहस्थ तरुणपणी स्वतः फॅसिस्ट होते. १९३१ मध्ये त्यांनी मुसोलिनीच्या भक्तीत एक नाटक लिहिलं. पुढे मन फिरलं, आणि त्या तरुणपणाची लाज त्यांनी लपवली नाही. १९५२ मध्ये त्यांच्या ‘ला गोवेर्नान्ते’ या नाटकावर बंदी आली, तेव्हा त्यांनी सेन्सॉरवर एक खणखणीत पुस्तिका लिहून नाटकासकट प्रसिद्ध केली. सासा हा बाहेरून बघून लिहिलेला बदमाश नाही, असं माझं मत झालं. ज्याने एकदा टाळ्या वाजवल्या आहेत त्यालाच टाळ्यांचा आवाज असा नेमका लिहिता येतो.

२०२४ च्या शरद ऋतूत सेन्सॉरच्या कागदांच्या मागे लागले. इटलीत चित्रपट परवान्यासाठी जायचा तेव्हा निर्मात्याच्या अर्जावर फिल्मची मीटरमधली लांबी, कथेचा सारांश आणि शेवटी समितीचा निर्णय अशी नोंद व्हायची. ‘इतालिया तालिया’ हा त्याबद्दलचा माहितीसंग्रह नेटवर आहे, तिथून सुरुवात करावी. गंमत म्हणजे फॅसिझम संपला तरी सेन्सॉरचा १९२३ चा नियम मागच्या दाराने चालूच राहिला. नवा कायदा आला १९६२ मध्ये आणि चित्रपटांवर बंदी घालायची सरकारची सत्ता पूर्णपणे गेली ती २०२१ मध्ये. पक्ष बदलले, शिक्का तोच राहिला. सासाला हे आवडलं असतं.

मूळ फिल्मची प्रत पडद्यावर किंवा संपादनाच्या टेबलावर पाहायची असेल तर संग्रहालयाला लेखी विनंती करावी लागते. मी रोममधल्या एका संग्रहाला लिहिलं. विद्यापीठाचं पत्र, मार्गदर्शकांची सही, विषयाचा सारांश आणि ‘नेमकं काय पाहायचं आहे’ याचा खुलासा. पहिल्या ईमेलला उत्तर नाही. दुसऱ्यावर उत्तर आलं की अर्ज दुसऱ्या विभागाकडे पाठवा. दुसऱ्या विभागाने पहिल्याकडे पाठवलं. शेवटी फोन केला आणि पाच मिनिटांत काम झालं. इटलीत ईमेल हा पुरावा आहे आणि फोन हे काम. फोनवर इटालियन बोलायची भीती वाटत असेल तर चार वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवा. मी शेवटपर्यंत ठेवत होते. तारीख मात्र जानेवारी २०२५ ची मिळाली. तोवर थांबून राहायचं नाही, दुसरं प्रकरण लिहायला घ्यायचं.

जानेवारीत ती प्रत मोठ्या प्रतिमेत पाहिल्यावर सोर्दी वेगळाच कळला. तो मूळचा रोमचा, त्रास्तेवेरे भागातला. १९३७ मध्ये, पोरवयातच, लॉरेल-हार्डी जोडीतल्या ऑलिव्हर हार्डीला इटालियन आवाज द्यायची स्पर्धा त्याने जिंकली होती. म्हणजे अभिनयात तो शिरला तो आवाजाच्या दाराने. इथे तो सिसिलियन माणूस करतो आहे आणि पक्ष बदलला की त्याच्या बोलण्याची पट्टी बदलते. समाजवादी सभेतला घोगरा कळवळा आणि साहेबासमोरचा लोण्यासारखा स्वर हे एकाच घशातले आहेत. दोन वर्षं आधी वितरक त्याच्या नावाला घाबरायचे. फेलिनींच्या ‘ई वितेल्लोनी’च्या वेळी पोस्टरवर त्याचं नाव नको म्हणत होते, असं आज सगळेच सांगतात. मी टिपणं काढताना चित्रपटाच्या मिनिटांबरोबर आवाजाचाही एक रकाना ठेवला. प्रबंधात पुढे तोच सर्वात उपयोगी पडला.

कातानियालाही जाऊन आले. व्हिया एत्नेआवर उभं राहिलं की सरळ समोर ज्वालामुखी दिसतो आणि चौकात दगडी हत्ती. छान वाटलं, छान मासे खाल्ले, प्रबंधाला काही उपयोग झाला नाही.

लिहिणं इटालियनमध्ये. इटालियन शैक्षणिक वाक्य लांब असतं आणि मला ते जमत नव्हतं. प्राध्यापकबाईंनी लांब लिहायला लावलं नाही; ‘तोडून लिहा, पण जोडून विचार करा’ एवढंच म्हणाल्या. पहिल्या मसुद्यात मी आपल्याकडच्या आयाराम-गयारामांवर एक अख्खं उपप्रकरण लिहिलं होतं. लिहिताना फार मजा आली होती. बाईंनी ते वाचून विचारलं, “हा गयाराम आमदार होता ना? सासा कधी निवडणुकीला उभा असताना पक्ष बदलतो का?” मुद्दा बरोबर होता. आपला पक्षांतर करणारा माणूस सत्तेसाठी फिरतो. सासाला मुळात सत्ता नको, त्याला फक्त बिल भरायचं टाळायचं असतं. ते उपप्रकरण तळटीप होऊन राहिलं आणि त्या फरकावर मात्र एक नवं प्रकरण उभं राहिलं.

यादरम्यान पेर्मेस्सोचं नूतनीकरण. पहिल्या नूतनीकरणासाठी किमान एक परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला लागतो, पुढच्या प्रत्येक वेळी दोन. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून तयारी करा. पुन्हा तोच लिफाफा, तेच तंबाखूचं दुकान. शिष्यवृत्ती एर.गो या प्रादेशिक संस्थेमार्फत असते आणि तिच्यासाठी घरच्या उत्पन्नाचे भाषांतरित कागद लागतात. त्यात बाबांच्या निवृत्तिवेतनाचा कागद भाषांतर करून घेण्यात सर्वात जास्त दिवस गेले. हे भारतातून निघण्याआधीच करून आणा, इथून ते काम दुप्पट लांबतं.

मे २०२५ मध्ये पदवीचा अर्ज ऑनलाइन भरला. त्यात पुन्हा १६ युरोंचं महसुली तिकीट, आणि आल्मालाउरेआ या पदवीधरांची पाहणी करणाऱ्या संस्थेची लांबलचक प्रश्नावली. ती चहाचा कप घेऊन भरायला बसा. प्रबंध अपलोड करायची मुदत कुणीही वाढवून देत नाही. ती संपायच्या रात्री संकेतस्थळ मंदावतं, म्हणून आदल्या दिवशी टाकून मोकळे व्हा. छापील प्रती सक्तीच्या नव्हत्या, पण मी एक काढून घेतली. विद्यापीठाजवळच्या गल्ल्यांत बांधणीवाल्यांची दुकानं आहेत, भाव विचारून घ्या.

परीक्षेचा दिवस. दारं उघडी असतात, कुणीही येऊन बसू शकतं. आधीच्या मुलाचं अख्खं गाव आलेलं होतं, माझ्या बाजूला सिन्योरा आणि दोन वर्गमैत्रिणी. आई-बाबा फोनवर. जेमतेम पंधरा मिनिटं बोलायला मिळतात. सहपरीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: “तुम्हाला सासा आवडतो का?” याची तयारी मी केलेली नव्हती. मी म्हटलं, तो आवडत नाही, पण तो पडद्यावर नसला की मी घड्याळाकडे बघते. ते हसले आणि मग सेन्सॉरवर कठीण प्रश्न विचारू लागले. गुणांचा हिशेब असा: सगळ्या विषयांच्या तीसपैकी सरासरीचं एकशेदहात रूपांतर करतात आणि प्रबंधाचे गुण त्यात मिळवतात. निकाल त्याच दिवशी उभं राहून ऐकायचा. मग डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढतो, गाणं म्हटलं जातं, त्या गाण्याचे शब्द आईला सांगण्यासारखे नाहीत.

पदवी मिळण्याआधी आसिनेल्ली मनोरा चढला तर पदवी मिळत नाही, अशी बोलोन्यातली समजूत आहे. मी दोन वर्षं इमानाने खालून बघितला. शेजारचा गारिसेंदा मनोरा धोक्यात आल्याने २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो परिसर बंद होता, त्यामुळे पदवीनंतरही चढता आलं नाही.

पदवीनंतर काम शोधायचं असेल तर विद्यार्थी परवाना नोकरीच्या प्रतीक्षेच्या परवान्यात बदलता येतो, तो वर्षभरापर्यंत मिळू शकतो. जुना संपायच्या आत अर्ज करायचा, आरोग्यविमा चालू असल्याचा कागद जोडायचा, पदवीचा दाखला विद्यापीठाच्या पोर्टलवरून काढायचा. माझा लिफाफा पोस्टात गेला आहे, पावती मिळाली आहे, ठशांची तारीख नोव्हेंबरातली आहे.